भिंतीला पाणी नाही

गावाचं नाव सांगून उपयोग नाही. सांगितलं की गावातलेच चार शहाणे उठून म्हणतील, आमच्याकडे असं काही झालंच नाही, बाया तिखटमीठ लावून सांगतात. वणीवरून मुकुटबनकडे जाताना लागतं, एवढं पुरे. तर या गावात एप्रिलमधल्या एका सकाळी कांताबाई वणीला सिमेंट सांगायला निघाली होती. एसटी पकडायची म्हणून भराभर चालत ती शाळेच्या मैदानापाशी आली आणि थांबली. वस्तीतून निघून मैदान ओलांडून थेट चौकात जाणारी वाट काल दिवस मावळेपर्यंत होती. आज तिथं भिंत होती, तिच्या डोक्याच्याही वर गेलेली.

भिंत तिच्याच विटांची होती. हे तिला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. राखेची करडी वीट, कडा अशा की हात फिरवला तर कापेल. त्यातली अर्धी तरी तिनं स्वतः यंत्रातून काढून सावलीत मांडली होती. तांड्यावरचा धावजी मिस्त्री भिंतीच्या बुडाशी बसून थापीला लागलेलं सिमेंट खरवडत होता. रात्रभर जागल्यानं त्याचे डोळे लाल झाले होते.

"धावजीभाऊ, हे काय होय?" कांताबाईनं विचारलं.

"दिसते ना बाई. भिंत होय."

"अथी गेट होणार होतं ना."

"गेट कॅन्सल झालं म्हणते सरपंच. लाईट लावून रातीच उरकवा म्हणे, उरकवलं. मी रोजीचा माणूस, बाई. मले नोका बोलू."

"अन् आमी कुठून जाव?"

धावजीनं थापी नाल्याच्या दिशेनं उचलली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

नाल्याकडची वाट म्हणजे गावाचे उकिरडे ओलांडून, मेलेली ढोरं टाकतात त्या खड्ड्याला वळसा घालून, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दवाखान्यात जायचं तर तिकडून, पोट्ट्यांनी शाळेत जायचं तर तिकडून, वस्तीत सून आणायची तर तिकडून. कांताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एसटी आली, चौकात भोंगा वाजवून निघून गेली, तरी ती तिथंच उभी होती.

एवढा राग का, ते समजायचं तर त्या विटांचं समजलं पाहिजे. कुठल्याशा कारखान्याचे टिप्पर रात्री-बेरात्री येऊन गायरानात राख ओतून जायचे. गायरान वस्तीला लागून. वारा सुटला की राख भाकरीत, राख डोळ्यात, राख वाळत घातलेल्या लुगड्यांवर. गावाला त्याचं काही नव्हतं, कारण वारा गावाकडे वाहत नाही. अर्ज झाले, फोटो झाले, साहेब येऊन नाकाला रुमाल लावून गेले. शेवटी कांताबाई आणि शेजारची ममता, दोघींनी बचत गटाच्या बाया गोळा केल्या. म्हटलं, गाव आपल्या दारात घाण टाकते ना, तर घाणीच्याच विटा करू. राख, गिट्टीखदानीची दगडी चुरी आणि थोडं सिमेंट. कांताबाईचा नवरा उकंडा ट्रॅक्टरवर राख वाहून आणायचा आणि बाया यंत्र चालवायच्या.

गाव पोट धरून हसलं. राख मसणात असते, तिचं काय घर बांधता, म्हणे. वरून पहिल्या दोन गिऱ्हाइकांनी मातीच केली. राखेची वीट भट्टीत भाजत नाहीत, ती पाण्यावर पक्की होते. पंधरवडाभर ओल्या बारदान्याखाली ठेवावी लागते, लावायच्या आधी भिजवावी लागते, आणि भिंत उभी राहिली की तिलाही सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. तहानलेली वीट लावली तर ती सिमेंटातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. त्या दोघांनी उन्हाळ्यात कोरड्या भिंती उभ्या केल्या, सांधे झडले, आणि नाव खराब झालं बायांच्या विटेचं.

तेव्हापासून बायांनी रिवाजच पाडला. वीट कुठंही जावो, बांधकाम वाळेपर्यंत तिची तहान आपली. ज्याच्याकडे विटा गेल्या त्याच्याकडे दिवस कलला की दोन बाया पाइप घेऊन हजर. मालक घरी असो नसो, चहा विचारो न विचारो, त्या भिंतीला पाणी मारून यायच्या. ट्रॅक्टरभर विटा घ्या, बाया फुकट, असे टोमणे ऐकले. पण मग एकही भिंत झडली नाही.

आणि मग यंदा शाळेचं कंपाउंड आलं. सरपंच भगवानराव स्वतः विटा पाहायला वस्तीत आले, हातात घेऊन तोलून पाहिल्या आणि म्हणाले, या कंपाउंडला दुसरी वीट लागणार नाही. बायांना आभाळ ठेंगणं झालं. आपल्या पोट्ट्यांची शाळा, आपली वीट! वाटेच्या जागी गेट राहील असं भगवानरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं. गेटखाली सिमेंटचा उंबरठा घ्यावा लागेल, नाहीतर पावसाचं पाणी मैदानात शिरते, हेही सांगितलं. बायांनी आपल्या बोअरवेलचा पाइप लांबवून लांबवून मैदानापर्यंत नेला. कंपाउंड भिजवलं, त्याचा पाया भिजवला, आणि वाटेच्या आडवा घातलेला तो उंबरठाही बारदाना टाकून रोज भिजवला. ममता तर त्यावर उभी राहून म्हणाली होती, याच्यावरून आता हत्ती गेला तरी तडा नाही जाणार.

आता भिंत त्याच उंबरठ्यावर उभी होती. म्हणून कांताबाईला राग होता. नुसता सरपंचाचा असता तर एक वेळ परवडला असता. तिला आपल्या पाइपाचा राग आला होता, आपल्या त्या रिवाजाचा आला होता. आपल्याच गळ्याचा फास आपणच पाणी घालून पक्का केला, आणि वरून कौतुकानं पाहत बसलो.

दुपारच्या आत भगवानराव वस्तीत आलेच. माणूस बोलायला असा की कारलं गोड लागावं. बाया यंत्रावर होत्या. गाडी लावून ते सावलीत उभे राहिले.

"रागावल्या म्हणते, कांताबाई."

"काहून रागावू? आमची वाट बुजवली, त्यात रागावण्यासारखं काय हाय."

"वाट कुठी बुजवली? नाल्याकडून हाये ना. शाळेच्या मैदानातून मोटरसायकली जाते, ट्रॅक्टर जाते, लहान लेकरं खेळते. उद्या कमीजास्त झालं तर जबाबदारी कोणाची? सुरक्षेचा मामला हाये."

"आमचे लेकरं त्याच शाळेत शिकते, भगवानराव. थे नाल्यातून, ढोराच्या हाडकांतून येतीन. त्याईची सुरक्षा कोण पाह्यते?"

भगवानराव हसले. "चौदा तारीख जाऊ द्या. मंग बसू, बोलू. तोवर गावात शांती पाह्यजे बस."

झालं. मनातलं ओठावर आलं. चौदा एप्रिलची मिरवणूक दरवर्षी वस्तीतून निघते, मैदानातून जाते, चौकात मारोतीच्या देवळासमोर वळते आणि बुद्धविहारात परत येते. बापजाद्यांपासूनचा रस्ता. पण दोन-तीन वर्षं झाली, देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्यांना त्या दिवशी अचानक ढोलाचा आवाज सहन होत नव्हता. एरवी लग्नाच्या वराती त्याच ओट्यासमोर मध्यरात्रीपर्यंत नाचतात, तेव्हा कोणाचे कान दुखत नाहीत.

"अन् खरं सांगू," भगवानराव पुढे म्हणाले, "तुमाले तं अभिमान वाटला पाह्यजे. राखेची वीट, राखेची वीट म्हणून हसत होते लोक. आता पाहा, कशी टणक भिंत उभी हाये. तुमच्याच हातची."

ममताच्या हातातला फावडा खाली पडला. एवढं निर्लज्ज बोलणं माणूस इतक्या शांतपणे कसं बोलू शकतो, हेच कांताबाई पाहत राहिली. भगवानरावांना वाटलं, बाई नरमली.

"बरं, थो पाइप पाठवा सांजच्याले. धावजी म्हणते, घाईत विटा कोरड्याच लावल्या, लय पाणी पेऊन राह्यल्या. शाळेचा हापसा आटला, नळ एकाड एक दिवस. तुमच्या बायाइले रोजी लावून देतो."

"नाही," कांताबाई म्हणाली.

"काय नाही?"

"पाणी नाही. तुमाले प्यायले पाह्यजे तं मागा, माठातलं देतो, थंडगार हाय. भिंतीले नाही देत."

"पाणी जमिनीतलं हाये, बाई. कोणाच्या बापाचं नाही."

"वाटही जमिनीवरचीच होती."

भगवानरावांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते गाडीवर बसून निघून गेले. माठातलं पाणी त्यांनी घेतलं नाही. वस्तीतलं पाणी त्यांनी आजवर कधी घेतलंही नव्हतं.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. उकंडा आणि वस्तीतले चार जाणते अर्ज घेऊन तहसीलला गेले. उकंडा स्वभावानं शांत माणूस, ट्रॅक्टर चालवतो तसाच बोलतो, सावकाश. संध्याकाळी परत आला तो पडलेल्या तोंडानं. साहेबांनी ऐकून घेतलं, अर्ज ठेवून घेतला आणि सांगितलं की जयंती शांततेत होऊ द्या, मग मोजणी करून पाहू. मिरवणुकीला परवानगी आहे, पण नाल्याच्या वाटेनं. बंदोबस्तही तिकडेच राहील.

"यंदाच्या साली तिकडून नेऊ," उकंडा म्हणाला. "पुढच्या साली पाहू."

"पुढच्या साली?" कांताबाई चुलीपुढून उठली. "संघर्षचे बाबा, पुढच्या साली पोट्ट्याइले सांगावं लागीन का अथी वाट होती म्हणून. अन् दहा सालानं थे इचारतीन, खरंच होती का. उकिरड्यातून मिरवणूक नेता? बाबासाहेबाचा फोटो ढोराच्या हाडकांतून नेता?"

उकंडा खाली मान घालून बसला. त्याचं चुकत होतं असं नाही. गावाशी वैर धरलं तर सोंगणीची मजुरी बंद, किराणा बंद, दळण बंद. हे त्यानं लहानपणी पाहिलेलं होतं. पण कांताबाईला त्या वेळी कोणाचं बरोबर नि कोणाचं चूक हे तोलून पाहायला सवड नव्हती. तिला त्याच्या त्या खाली घातलेल्या मानेचाही राग आला.

पोरगा संघर्ष, कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, जयंती कमिटीत पुढे. तो म्हणाला, "वणीवरून जेसीबी आणतो, आई. एका धक्क्यात भुईसपाट."

"अन् दुसऱ्या दिवशी पेपरात काय येईन? वस्तीनं शाळा पाडली. तू गाडी चालव तुही. हे माह्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, कुत्रंसुद्धा बाहेर निघत नाही अशा उन्हात, ती एकटी भिंतीपाशी गेली. भिंत तव्यासारखी तापली होती. बुडाशी ओल वाळल्याचे डाग होते, कोणीतरी चार बादल्या फेकून कर्तव्य केलं होतं. कांताबाईनं दोन विटांच्या सांध्यावर अंगठ्याचं नख लावलं आणि ओढलं. सिमेंट ज्वारीच्या पिठासारखं भुरभुर खाली आलं. ती जरा बाजूला गेली, आणखी एका जागी लावलं. तिथंही तेच. विटेला मात्र ओरखडा नव्हता.

कच्च्या भिंतीचा आनंद व्हावा, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. एरवी कोणी कोरडी वीट लावताना दिसला की ती रस्त्यावरची चालती गाडी थांबवून त्याला बोलायची. आपल्या हातच्या विटेचे असे हाल पाहून मनात बरं वाटतंय, याचीही तिला चीड आली. इथपर्यंत आणून सोडलं या लोकांनी. ती परत आली आणि ममताला म्हणाली, चौदा तारखेला बायांना जरा लवकर यायला सांग.

चौदाला सकाळी सगळ्या बाया पांढऱ्याशुभ्र लुगड्यांत आल्या. विहारात वंदना झाली. गडी माणसं रथ सजवत होती. रथ म्हणजे चार चाकांची हातगाडी, फुलांनी झाकलेली, मधोमध फोटो. पोलीस नाल्याच्या तोंडाशी झाडाखाली बसले होते. बाया त्यांच्याकडे न जाता मैदानाकडे वळल्या. त्यांच्याकडे कुदळ नव्हती, हातोडा नव्हता. घोषणाही नव्हत्या.

कांताबाईनं शेजारच्या कंपाउंडावर चढून वरच्या थरातली पहिली वीट धरली, डावीउजवीकडे हलवली आणि दात पडावा तशी ती हातात आली. ममता आणि बाकीच्या बाया कंपाउंडावरून चढून मैदानात उतरल्या होत्या. तिनं ती ममताच्या हातात दिली, ममतानं पुढच्या बाईला, आणि रांग थेट शाळेच्या ओसरीपर्यंत लागली. यंत्रावरून विटा काढून मांडतात तशाच त्या हातोहात चालल्या आणि ओसरीशी त्यांची रास लागू लागली. बाजूच्या कंपाउंडाला कोणी बोट लावलं नाही. त्याला बायांनी पाणी पाजलं होतं, ते शाळेचं होतं आणि राहणार होतं.

हवालदार धावत आला. "ए बाई, सरकारी मालमत्ता हाये. गुन्हा दाखल होईन."

"करा दाखल. पह्यलं नाव माह्यं लिवा," कांताबाई वरूनच म्हणाली. "पण तोडून नाही राह्यलो, साहेब. या विटा शाळेसाठी देल्ल्या होत्या. शाळेत नेऊन ठेवून राह्यलो. फुटलेली एक वीट दाखवा अन् मंग बोला."

हवालदारानं राशीकडे पाहिलं. वीट फुटलेली नव्हती. त्यानं मोबाइल काढून साहेबांना लावला आणि बाजूला जाऊन बोलत राहिला. तेवढ्यात उकंडा आला. बायकोकडे एकदा पाहून तो रांगेत दोन बायांच्या मधे उभा राहिला आणि हात पुढे केले. कांताबाईनं ते पाहिलं, पण थांबली नाही.

भिंत उतरत गेली तसं वस्तीच्या बाजूला उभ्या लोकांना पलीकडचं गाव दिसू लागलं. आधी देवळाचं शिखर, मग ओट्यावर उभे असलेले लोक, मग भिंतीच्या अगदी पलीकडे उभे असलेले भगवानराव, आधी डोकं, मग पांढरा शर्ट. त्यांच्या मागे धावजी होता, तो जमिनीकडे पाहत होता.

"हे बरं नाही करून राह्यल्या, कांताबाई."

"बरं काय अन् वाईट काय, हे तुमी आमाले शिकवू नोका, भगवानराव. तोंडावर गेट म्हणता अन् रातच्याले भिंत घालता. तुमच्या जिभेले हाड नाही हे माहीत होतं, लाज बी नाही हे आता समजलं."

एवढं मोठ्यानं सरपंचाला गावात आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि वस्तीतल्या बाईनं तर नाहीच. ओट्यावरचे दोघे-तिघे पुढे सरकले. हवालदारानं काठी आडवी धरली. त्याला साहेबांनी काय सांगितलं कोण जाणे, पण बायांना त्यानं हटकलं नाही.

ऊन डोक्यावर यायच्या आत भिंत संपली. शेवटची वीट निघाली आणि खाली उरला तो सिमेंटचा उंबरठा, वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा, वीतभर उंच. ढोल वाजू लागले. पोरांनी रथ ओढत आणला, पुढची चाकं उंबरठ्याला धडकली आणि रथ थांबला. ढकलून पाहिला, चढेना. फुलं गळून पडली. मग आठ-दहा जणांनी रथ चहूकडून उचलून धरला, पलीकडे नेऊन ठेवला, आणि मिरवणूक त्याच्या मागोमाग, एकेक जण पाय उचलून, उंबरठा ओलांडून चौकाकडे निघाली.

कांताबाई गेली नाही. तिनं कोणाच्या तरी घरून लोखंडी सब्बल आणवली आणि दोन्ही हातांनी उंबरठ्यावर घातली. ठिणगी उडाली. सिमेंटवर पांढरी रेघ उठली, बस. पुन्हा घातली. हाताला झिणझिण्या आल्या.

ममता परत आली. तिच्या लुगड्यावर राखेचे डाग पडले होते. "नाही निघत थो, कांताबाई," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्याले आपण पाणी देलं ना."

"माहीत हाय मले."

भगवानराव अजून तिथंच होते. मिरवणूक देवळासमोरून वळताना त्यांनी पाहिली, मग खाली उंबरठ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या आवाजात तो जुना गोडवा परत आला.

"बस झालं आता. काढल्या ना विटा तुमच्या, झालं समाधान? पाया राहू द्या. चांगला पक्का हाये, पुढं कामी येईन."

चौकात ढोल वाजत होते. कांताबाईनं पदर कमरेला खोचला, सब्बल उचलली आणि पुन्हा त्याच रेघेवर घातली.